पहिला आरवणारा

भरमूचा हिवताप हटेना, तेव्हा त्याची बायको शालूबाई गावदेवीला नवस बोलली, "ह्या पिल्लांतला पयला आरवंल त्यो तुझा." ताप उतरला. पण पिल्लांत निघाले पाच कोंबडे, आणि एका पहाटे पाचही एकदमच आरवले. पहिला कोण, ते देवीलाच ठाऊक! देवीचा कोंबडा चुकून खाल्ला तर? म्हणून पाचही राहिले.

एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत. इथं एका खुराड्यात पाच कोंबडे. तांबडा तर असा माजला, की भरमू काठीशिवाय परसात पाऊल टाकीना. पण खरे हाल कवडीचे. ही ठिपक्यांची कोंबडी शालूबाईनं माहेराहून पदराखाली झाकून आणलेली. पाचही जण तिच्यावरच चढायचे. पाठीवर पीस उरलं नाही, भिऊन बिचारी दाणे टिपायलाही येईना.

"अशानं मरंल की गं ही," भरमू म्हणाला, तशी शालूबाई रडायलाच लागली.

शेवटी पुजारी मष्णूआप्पांना बोलावलं. रीत ठरलेली: पाणी शिंपडायचं, जो अंग झाडील तो देवीनं घेतला. आप्पांनी कोंबडे ओळीनं बांधले आणि ओंजळभर पाणी उडवलं. पाचही ढिम्म! चार थेंब मात्र मागं दडलेल्या कवडीवर पडले, आणि तिनं फडफडून अंग झाडलं.

"देवीनं कवडी घेतली," आप्पा म्हणाले आणि सुरी मागितली.

शालूबाई पुढं धावली. तिनं कवडीला पोटाशी धरलं.

"आप्पा, म्हंजे नवस फिटला न्हवं?"

"फिटला की."

"मग हे पाच आता आमचं?"

"व्हय."

"आन् कवडी देवीची. मी 'तुझा' येवढंच म्हणालते, कापते म्हणाले न्हाय. देवीच्या जित्राबाला सुरी कोण लावतंय, बघतेच मी!"

आप्पांनी कोंबड्यांच्या दोऱ्या सोडल्या. संध्याकाळी तांबड्याच्या रश्श्यात त्यांच्या वाट्याला तंगडी आली, तेव्हा त्यांचंही म्हणणं पडलं की देवीचा कौल बरोबरच असतो. उरलेल्या चारांतले तीन कोंबडे बेळगावच्या कॅम्पात एका साहेबाच्या खानसाम्याला विकले. गरीब स्वभावाचा पांढरा तेवढा ठेवला.

कवडीला पिसं फुटली, ती अंडी घालू लागली आणि एक दिवस खुडूक होऊन बसली. शालूबाईनं तिच्याखाली अंडी सरकवली आणि सवयीनं हात जोडले.

भरमू घाईघाईनं म्हणाला, "शाले, हात जोड, पर तोंड उघडू नगंस!"