खाऱ्या शेताचा तांदूळ

माझा आवाज मोठा आहे. माहेरी म्हणायचे, विनिताने अंगणातून हाक मारली की खाडीपलीकडची म्हैस मान वर करते. भिवंडीजवळ काल्हेरला सून म्हणून आले आणि त्याच आवाजाला भाव आला. गावच्या गणपती मंडळाचा देखावा असला की निवेदन मीच करायचं, हे ठरूनच गेलं. मंडळाचे अध्यक्ष माझे सासरे, रामनाथ. सुनेने घरात चार शब्द जास्त बोललेले त्यांना खपायचे नाहीत, पण तीच माइकवर बोलली की त्यांची छाती फुगायची.

ते २००२ साल होतं. उन्हाळाभर सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या आणि इकडे चहाच्या टपरीवर बसलेला जो तो अणुबॉम्ब टाकून मोकळा होत होता. त्या हवेत मंडळाने देखाव्याचा विषय ठरवला, 'एका बॉम्बने युद्ध संपवले'. शेजारच्या देशाचं नाव घेतलं असतं तर भिवंडीत पोलिसांनी मंडपाचा बांबूसुद्धा रोवू दिला नसता, म्हणून पाटीवर जपान लिहिलं. थर्माकोलचं शहर, तारेवरून सरकत येणारं विमान, लाल दिवा, धूर आणि शेवटी तिरंगी दिव्यांची माळ. जपानवर बॉम्ब टाकला अमेरिकेने, मग तिरंगा मध्येच कुठून आला, हे कोणी विचारलं नाही.

निवेदन माझा दीर कुणाल याने लिहिलं होतं. तो कॉलेजात जायचा आणि त्याने वाचनही बरंच केलं होतं. ओसरीवर मंडळाची बैठक भरली तेव्हा त्याने कागद माझ्या हातात दिला. 'आणि त्या एका क्षणाने लाखो प्राण वाचवले,' असं शेवटचं वाक्य होतं.

"एक न्हाय, दोन टाकले," मी म्हटलं. "आनि हे कसले प्राण वाचवले?"

"वहिनी, सैन्य जमिनीवर उतरलं असतं तर दोन्हीकडची किती माणसं मेली असती? जपानी सुखासुखी हार मानणारे नव्हते. आणि आधी हल्ला कोणी केला होता?"

"शालेत चाललेल्या पोरींनी तं न्हाय केला. तुझे वाचलेले लोक कोन, ते कोनाला ठाव न्हाय. मेले त्यांना नाव होता, घर होता. आनि वाचले किती ते मोजलं कोनी? टाकनाऱ्यानीच ना?"

कुणाल खवळला नाही. तो पोरगा वाईट नव्हता. "मग तुम्ही सांगा, युद्ध कसं थांबवायचं?" एवढंच त्याने विचारलं.

तेवढ्यात सासरे हसले. ते तसे हसले की पुढे काय येणार ते मला कळायचं. "तिला काय इचारतस? मना इचार. बांध मी फोरला. उधानाच्या पान्यात, या हातांनी. भांडान मिटला का न्हाय? त्यानंतर एक तरी डोका फुटला? आनि बघा, त्याच पाड्याची पोरगी माझे घरान सून म्हनून आली."

सगळे हसले. ही गोष्ट त्या ओसरीवर दरवर्षी सांगितली जायची आणि दरवर्षी लोक हसायचे. मी चहाचे कप उचलून आत जायचे.

तो पाडा माझा. खाडीचं खारं पाणी अडवायला मोठा मातीचा बांध होता, त्याच्या आत आमची भातशेती. पावसाचं पाणी खाडीत सोडायला बांधाला एक दार होतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की मासळी आयती मिळते. ते जाळं काल्हेरच्यांनी लावायचं की पाड्यातल्यांनी, यावरून वर्षानुवर्षं काठ्या चालल्या. माझा चुलता केसरीनाथ त्यात पुढे होता. त्याच्या काठीने माझ्या चुलत सासऱ्यांचा, नामाकाकांचा, डोळा गेला. तेही खोटं नाही. मग एका उधाणाला रामनाथांनी आमच्या बाजूचा बांध फोडला आणि समुद्र शेतात शिरला.

मी तेव्हा दुसरीत होते. सकाळी बघते तर भाताच्या लोंब्यांवर मासे फिरत होते. आम्हा पोरांना गंमत वाटली, आम्ही टोपल्या घेऊन धावलो. माझा बाप दामू बांधावर नुसता बसून राहिला. त्याने जन्मात कोणावर काठी उचलली नव्हती. मिठाने जळलेल्या शेतात पुढे कित्येक वर्षं भात उगवला नाही. बाप शेतावरून भिवंडीला लूमवर गेला, कापसाची धूळ खात दोन-दोन शिफ्ट करू लागला आणि खोकत खोकत म्हातारा झाला. जमीन शेवटी गोदामवाल्यांना गेली. केसरीनाथने मात्र आधीच वडपेला ट्रकचा धंदा टाकला होता, त्याचं काही बिघडलं नाही.

आमच्याकडे रीत आहे. गौरीच्या नैवेद्याला सुनेच्या माहेरचा तांदूळ लागतो, बापाच्या शेतातला. माझा बाप दरवर्षी पिशवी घेऊन यायचा आणि उंबऱ्यात सासरे आपल्या व्याह्यांना दरवर्षी विचारायचे, "काय याही, शेताचा का दुकानाचा?" सगळे हसायचे. बापही हसायचा.

त्या दिवशी मी कप उचलले नाहीत. "बाबा, मी हे वाचनार न्हाय," मी म्हटलं. "बोलेन तं माझा बोलेन."

माझा नवरा भाविक पुटपुटला, "वाच ना, पाच मिनिटांचा तं काम." माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातली सगळी संकटं पाच मिनिटांची असतात.

सासरे आवाज न चढवता बोलले. "न्हाय वाचलास, तं यंदा तुझे बापाचा तांदूल या घरान शिरनार न्हाय. उंबऱ्यातूनच परत धाडीन. तसा पन तो दुकानाचाच."

गौरीच्या दिवशी बापाला सगळ्या गावादेखत दारातून परत पाठवायचं, म्हणजे माझं माहेरच पुसायचं. त्यांना खात्री होती की मी वाचेन. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं.

गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी आरती झाली. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. विमान सरकत आलं, लाल दिवा पेटला, धूर झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी कुणालचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिथे थांबले आणि ती ओळ न वाचता कागदाची घडी केली.

"युद्ध संपलं," मी माइकवर म्हटलं. "आता ते कोणाच्या शेतात संपलं, तेही ऐका. जपान मी बघितलेला नाही. मी आमचा पाडा बघितला आहे. भांडण चार माणसांचं होतं, मीठ अख्ख्या पाड्याच्या शेतात गेलं. नामाकाकांचा डोळा गेला, त्याचं मला दुःख आहे. पण तो डोळा माझ्या बापाने फोडला नव्हता आणि भरपाई मात्र त्याच्याकडून घेतली. ज्यांनी काठ्या चालवल्या ते सुखात आहेत. जो गप्प घरी बसला होता तो आज खोकतो आहे. बॉम्बचंही तेच आहे. तो भांडणारा कोण आणि झोपलेला कोण, हे विचारत नाही. म्हणून तर तो लवकर—"

सासऱ्यांनी हात केला आणि माइक बंद झाला. आमच्या सासऱ्यांना एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली नव्हती. मला माइकची गरज कधीच नव्हती.

"म्हणून तर तो लवकर भांडण मिटवतो," मी तशीच बोलले, खाडीपलीकडे जाईल अशी. "मला विचारतात, मग युद्ध थांबवायचं कसं? मला ठाऊक नाही. पण ज्याला औषध ठाऊक नाही, त्यालाही विषाला विष म्हणता येतं. आणि मिटवलं म्हणून दरवर्षी हसायचं असेल, तर ज्याच्या जिवावर मिटवलं त्याला एकदा विचारून हसा."

कोणी टाळी वाजवली नाही. नामाकाका उठले, एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेले. त्यांच्या मनात काय होतं ते मला आजही माहीत नाही. भाविकने माझ्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवसापासून निवेदन कुणालने केलं. शेवटचं वाक्य मात्र त्याने गाळलं होतं.

गौरी आल्या. येऊ नको असा निरोप मी बापाला धाडला होता. तरी तो आला. धुतलेला सदरा, हातात पिशवी. सासरे उंबऱ्यात उभेच होते. शेजारच्या बायका दारात जमल्या आणि कोणीच हसत नव्हतं.

सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दरवर्षीचा प्रश्न आला नाही. परत जा, असंही त्यांच्या तोंडून निघेना.

बाप खोकला. खोकला थांबेपर्यंत सगळे थांबले. मग माझ्या त्या गरीब बापाने, ज्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, सासऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"इचारा ना, याही," तो म्हणाला. "यंदा का न्हाय इचारीत? दुकानाचा हाय. का दुकानाचा, ते आज तुमी सांगा लोकांना."

सासरे बाजूला झाले नाहीत. मी पुढे गेले, बापाच्या हातातली पिशवी घेतली, सासऱ्यांच्या खांद्याला खांदा घासत आत गेले आणि चुलीवर आधण ठेवलं. मग आतूनच मोठ्याने हाक मारली, "बाबा, आत या, जेवूनच जा." दोघांनाही मी बाबाच म्हणायचे. आत आला तो माझा बाप.