स्प्रिंगचा दम

"काकाजी, याच्यात लॉक कुठं हाये?"

दुर्गेश्वरीने रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा, काढून हातात घेतला होता आणि आंबा पिकलाय का ते बघावं तसा उलटसुलट करून बघत होती. केवलराम पटले चार्जच्या यादीवर खुणा करत बसले होते. पोलिसांच्या शस्त्रागारात त्यांचा आज शेवटचा दिवस. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी बंदुका उघडण्यात, पुसण्यात आणि पुन्हा जोडण्यात गेलेली. चाव्या, रजिस्टरं, हत्यारांची पेटी, सगळं संध्याकाळपर्यंत या पोरीच्या ताब्यात द्यायचं आणि कामठ्याच्या घरी जाऊन स्वस्थ बसायचं, एवढंच उरलं होतं. त्यात ही रायफल टेबलावर येऊन पडली.

रायफल गावठी होती. गेल्या आठवड्यात कुठल्याशा कारवाईत सापडलेली. बनवणाऱ्याने लेथवर मन लावून काम केलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर यावी, असा त्याचा बेत होता. नागपूरच्या प्रयोगशाळेत जाण्याआधी इथला अभिप्राय हवा होता, चालते की नाही एवढाच. त्यासाठी साहेबांचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते.

"लॉक नाहीच हाये," केवलराम मान वर न करता म्हणाले.

"म्हंजे पिस्तुलासारखी? नुसत्या ब्लोबॅकवर, गोळीच्या धक्क्यानंच बोल्ट मागं जाते?"

"हो."

दुर्गेश्वरीने बोल्ट तळहातावर तोलला. मग स्प्रिंग अंगठ्याने दाबून पाहिली. "बोल्ट तर चांगला वजनी हाये जी. आन् स्प्रिंगमंदी दम हाये. खांद्याले लावून एक मारून पाहू काय? काम खतम."

केवलरामांच्या हातातलं पेन थांबलं. हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते. ऐकले कसले, ते त्यांच्याच तोंडून निघाले होते, सोळा वर्षांपूर्वी.

"ठेव ते खाली!"

ते इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा पहारेकरी आत डोकावून गेला. तीन वर्षं हाताखाली शिकत असलेल्या या मुलीवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. तिने बोल्ट टेबलावर ठेवला. केवलरामांनाच मग कसंतरी झालं.

"इकडं ये," ते जरा नरमाईने म्हणाले. "दाराले कडी नाही. आतून नुसता वरवंटा टेकवून ठेवला हाये. वारा आला, तर दार उघडंल काय?"

"उघडंल, पन हरूच."

"ते पिस्तुलाची गोळी. आता समज, मारका हल्या, माजलेला रेडा, आला धावत."

दुर्गेश्वरी हसली. "मंग दार बी घरात, वरवंटा बी घरात."

"अन् हल्या बी. रायफलची गोळी म्हंजे हल्या. त्याले कडीच लागते. गोळी नळीतून निघून जाऊस्तोवर दार बंद राहाले पाहिजे."

"आन् स्प्रिंग?"

"स्प्रिंग दार परत लावाले राहते. हल्या थांबवाले नाही."

"मंग बोल्टच वजनी करायचा."

"कर ना. दहा-बारा किलोचा कर. मंग ते रायफल उचलाले हल्याच जुंपा लागंल."

एवढं बोलून ते उठले आणि कोपऱ्यातल्या खुंटीवरून दोरी काढली. ही दोरी सरकारी नव्हती. विहिरीच्या पाण्याची असते तसली, काथ्याची, वापरून गुळगुळीत झालेली. कुठलंही पकडलेलं हत्यार आलं की केवलराम ते लोखंडी चौकटीत आवळायचे, मागे सागाची फळी उभी करायचे, घोड्याला दोरी बांधायचे आणि वाळूच्या पोत्यांआड जाऊन ओढायचे. मग ती साधी ठासणीची बंदूक का असेना.

"सारे हसतेत तुमच्या दोरीले," मागच्या मैदानात चौकट आवळता आवळता दुर्गेश्वरी म्हणाली.

"हसू दे."

दोरी तिनेच ओढली. आवाज झाला, धूर झाला, आणि त्यात दुसराही एक आवाज होता, लाकूड फुटल्याचा. दोघं जवळ गेली. बोल्टने मागचं पोलादी झाकण उडवलं होतं आणि तो फळीत बोटभर रुतून बसला होता.

दुर्गेश्वरी फळीसमोर उभी राहिली. बोल्ट बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. तिने त्याला हात लावला आणि गरम लागल्यासारखा मागे घेतला.

"बाबाची उंची केवढी होती, काकाजी?"

"तुह्यापरस दोन बोटं जास्त."

"त्याईले असंच झालं होतं?"

चौकशीच्या कागदावर 'शस्त्रातील दोषामुळे अपघाती मृत्यू' असं लिहिलेलं होतं. तो कागद दुर्गेश्वरीच्या घरी कपाटात होता आणि तिला तोंडपाठ होता. तेव्हा ती दहा वर्षांची होती. ईश्वरदास बिसेन आणि केवलराम जंगलातल्या एका चौकीवर बरोबर होते, एका ताटात जेवणारे मित्र. ईश्वरदास गेल्यावर केवलरामांनी त्याच्या घराला काही कमी पडू दिलं नाही. मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या अनुकंपा नोकरीची फाइल हातात घेऊन ते स्वतः टेबलाटेबलावर फिरले. कुडव्याच्या त्या घरात तिची आई नंदाबाई त्यांना देवमाणूस म्हणायची आणि दर शुक्रवारी मुलीबरोबर त्यांच्यासाठी डबा पाठवायची. लाखोरीची डाळ, भात, एखादी भाजी. परत जाताना तो रिकामा डबा दुर्गेश्वरीच्या गाडीला खडखडत जाई. देवमाणूस हा शब्द ऐकला की दर वेळी केवलराम विषय बदलत.

आताही "हो, बंदूक खराब होती" एवढं म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. संध्याकाळी हार, श्रीफळ, फोटो, आणि सुटका. ते खोटंही ठरलं नसतं. पण ही पोर उद्यापासून या टेबलावर एकटी बसणार होती, आणि तिच्या तोंडात आज त्यांचेच शब्द आले होते.

"अशीच पकडलेली गावठी बंदूक होती, खराब होतीच," ते म्हणाले. "पन ते पाहाचं काम माहं होतं. आर्मोरर मी होतो. ईश्वर म्हने, केवल, बांधून मारू काय? मी म्हटलं, कायले? बोल्ट वजनी हाये, स्प्रिंगमंदी दम हाये, मार."

दुर्गेश्वरी फळीकडून त्यांच्याकडे वळली.

"तुमाले लॉकचं मालूम नव्हतं?"

"मालूम होतं. उघडून पाहिलं असतं तर दिसलं असतं."

"मंग काऊन नाही पाहिलं?"

केवलरामांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. सोळा वर्षांत त्यांनी या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

"जेवाची वेर झाली होती," ते म्हणाले. "मले भूक लागली होती, दुर्गा. दुसरं काही कारन नाही."

ती खालच्या आवाजात म्हणाली, "अन् आमच्या घरचा डबा खाऊन राहिले तुमी, इतकी वर्सं."

"हो."

एवढ्यात आत फोन वाजायला लागला. दुर्गेश्वरी गेली, "होय साहेब, अभिप्राय लिहून राहिली," म्हणाली आणि खरंच लिहायला बसली. तिचं अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. लिहून झाल्यावर तिने चार्जची यादी पुढे ओढली. शेवटची नोंद हत्यारांच्या पेटीची होती. त्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली: दोरी, काथ्याची, नग एक.

"ते सरकारी नाही," केवलराम म्हणाले. "त्याच्या तेरवीनंतर मी घेतली होती."

"राहू द्या. आता हाये."

देणाऱ्याच्या जागी त्यांनी सही केली. घेणाऱ्याच्या जागी ती एरवी 'डी. आय. बिसेन' एवढंच खरडायची. आज तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं, दुर्गेश्वरी ईश्वरदास बिसेन, आणि यादी त्यांच्यासमोर सरकवली.

"आईले मी नाही सांगनार," ती म्हणाली. "तुमी सांगा. आजच."

संध्याकाळी हार झाला, फोटो झाला. चार लोक चांगलं बोलले, आणि केवलराम मान खाली घालून ऐकत राहिले. दुर्गेश्वरी मागच्या रांगेत उभी होती. टाळ्या वाजवताना ती त्यांना दिसली नाही.

नंदाबाईने आज शेवटचा म्हणून चार कप्प्यांचा डबा भरून पाठवला होता. त्याचं झाकण कुणी उघडलं नव्हतं. केवलरामांनी तो उचलून स्वतःच्या स्कूटरला अडकवला आणि कामठ्याची वाट सोडून गाडी कुडव्याकडे वळवली. रस्ता खड्ड्यांचा होता, पण डबा भरलेला होता. वाटभर त्याचा आवाज झाला नाही.