दांडीतला प्राण

खंडेनवमीच्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी एक लोखंडी दांडी वाकली आणि जमलेल्या चाळीसेक माणसांच्या तोंडून एकदम ‘अरे बाप रे’ निघालं.

दांडी गोल्फच्या स्टिकची होती. साल १९९४. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांनी शहराबाहेर नऊ खड्ड्यांचं मैदान नुकतंच काढलं होतं, आणि त्यांच्या क्लबच्या व्हरांड्यात लोहसिद्ध महाराज प्रयोग दाखवत होते. टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या जबड्यात त्यांनी स्टिकची मूठ आवळली होती. पुढच्या टोकाला दोन किलोचं वजन टांगलं होतं. टोक चार बोटं खाली आलं.

“देखा? बुढ़ी हो गई!” महाराज म्हणाले. “दस हजार फटके, और लोहे का प्राण खतम. माणूस थकतो, मग लोखंड का नाही थकणार?”

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या लक्ष्मण वाघमोडेला हे वाक्य लागलं. वय एक्कावन्न. सत्तावीस वर्षं तो कापड गिरणीत फिटर होता. सूत कातणाऱ्या यंत्रांच्या चात्या सरळ करायचा. गिरणीला टाळं लागल्यावर सांवेर रोडच्या अकरा कारखान्यांनी त्याचं वय विचारलं आणि दारातूनच वाटेला लावलं. शेवटी इथे क्लबच्या स्टिक दुरुस्त करायचं काम मिळालं. आणि काल सेक्रेटरी दिनानाथ मुजुमदार, ज्यांचा स्वतःचा पाइपांचा कारखाना होता, त्याला म्हणाले होते, “लक्ष्मण भिया, बुरा मत मानो. महाराज दर तीन महिन्यांनी प्राण भरून देणार, मग मिस्त्रीचं काम काय उरतं? उद्याचा प्रयोग बघू, मग कमिटी ठरवेल.”

महाराजांनी स्टिक सोडवली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग ती पुन्हा व्हाइसमध्ये बसवली. मुठीला ओरखडा नको म्हणून व्हाइसवर मोठं लाल कापड अंथरून, त्याच्या आत हात घालून. मंत्र झाला. वजन टांगलं. टोक तीन बोटंही उतरलं नाही.

टाळ्या पडल्या. भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या मनोरमाबाई टिकेकर स्वतः गोल्फ खेळत. त्यांनीही हात जोडले.

“आता कोणी हात लावायचा नाही,” महाराजांनी बजावलं. “पूजेचं हत्यार आहे.”

ते सांगायची गरजच नव्हती. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हे तलवारी बाळगणाऱ्यांच्या नातवांना माहीत होतं आणि पान्हे बाळगणाऱ्यांनाही. गिरणीत तर पूजा झाली की पाण्याचा पंपसुद्धा बंद असे. महाराजांनी मुहूर्त बरोबर शोधला होता. पूजेआधी स्टिक कोणीही चाचपून बघावी. पूजेनंतर फक्त महाराजांनी.

लक्ष्मणही ही रीत पाळत होता. पण त्याचं लक्ष स्टिककडे नव्हतंच. टांगलेलं वजन म्हणजे सरळ खालची जागा दाखवणारा आयता ओळंबा. पहिल्या वेळी तो फरशीच्या सांध्यावर होता. आता सांध्याच्या आत आला होता, टेबलाच्या बाजूला.

दुसरी स्टिक व्हाइसमध्ये चढली. वजन टांगल्याबरोबर लक्ष्मण पुढे सरकला आणि त्याने वजनाच्या बरोबर खाली फरशीवर खडूची फुली मारली.

“ये क्या?” महाराज.

“काही नाही महाराज. मिस्त्रीची खोड.”

कुंकू, झेंडू, कापड, मंत्र. वजन पुन्हा टांगलं. लक्ष्मणने खिशातली पोलादी पट्टी काढली आणि फरशीवर उकिडवा बसला.

“पूजेच्या हत्याराला हात लावशील तर पाप लगेगा!”

“हत्याराला कुठे लावतोय? फरशीला लावतोय. फरशीची पूजा झालेली नाही.” कोणीतरी हसलं. “दिनानाथजी, जरा बघता? वजन फुलीपासून चार इंच आत आलंय.”

“तो क्या हुआ?” दिनानाथ म्हणाले.

“तो क्या... प्राण भरल्यावर स्टिक चार इंच आखूड होते का, एवढंच विचारतोय.”

मनोरमाबाईंचे जोडलेले हात सुटले. “मघाशी स्टिक चौतीस इंच बाहेर होती ना? आता तीस. वाकणं लांबीच्या घनावर असतं.” त्यांनी ओठातल्या ओठात गुणाकार केला. “चार बोटांची पावणेतीन होतात. अगं बाई! मी हे आठवड्यातून तीनदा फळ्यावर काढते.”

“मॅडम, शास्त्र वेगळं, श्रद्धा...”

“कापडाची पूजा झाली आहे का हो, महाराज?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कापड उचललं. स्टिकला कोणाचा स्पर्श झाला नाही. व्हाइसच्या मागून मूठ चांगली चार इंच बाहेर डोकावत होती.

दिनानाथांनी वाकून मूठ पाहिली. “म्हणजे दांड्या म्हाताऱ्या होतच नाहीत?”

“असं मी म्हणणार नाही,” लक्ष्मण म्हणाला. “आतून गंज चढतो, पोचा पडतो, तडा जातो. तशी स्टिक बाद करायची, मीच केल्यात चार. मुठीचं रबर तर नक्कीच मरतं. पण नुसती वर्षं झाली, फटके झाले, म्हणून पोलाद मऊ पडत नाही. वाकतं, परत सरळ होतं. झिजलंय की नाही ते तपासून कळतं, वय विचारून नाही.”

लोहतत्त्व, कलियुग, नास्तिक यांची नावं घेत महाराज आपल्या मारुती गाडीत बसले.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: काय झाकलंय, आणि कशाला हात लावू देत नाहीत? पट्टी कोणाच्याही घरी असते. मोजावं, मग मानावं.

बुधवारी कमिटीची बैठक झाली. कापडाखालचा प्रकार सर्वांनी मान्य केला. तरीही दोन सभासदांनी लेखी दिलं, की खंडेनवमीला स्टिकमध्ये प्राण भरल्यापासून त्यांचा चेंडू वीस पावलं पुढे जातो. मनोरमाबाईंनी तो चेंडू सर्वांसमोर मारून दाखवण्याची मागणी केली. त्यावर मतं फुटली. शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत निर्णय झालेला नव्हता. सोमवारी कामावर यायचं की नाही, हे लक्ष्मण वाघमोडेला अजून कोणी कळवलेलं नाही.