पती गयो

रहस्यकथांतला डिटेक्टिव्ह चिमटे अपर्णाला मुळीच आवडत नसे, आणि तिचं हे मत विजयला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. समोर प्रेत पडलेलं, आणि हा बाबा फौजदाराच्या टोपीची थट्टा करतो. मयताच्या घरचा चहा पितो आणि वर साखर कमी आहे म्हणून सांगतो. मेलेल्या माणसाची काही लाज? विजयचं म्हणणं उलट. दोन-दोन भागांचं एकेक प्रकरण, पानोपानी पळापळ, आणि चिमटे हसवतो म्हणूनच माणूस घाबरत घाबरत का होईना पान उलटतो, असं तो म्हणे. विजय सुरतेला बँकेत कारकून. जूनमध्ये अपर्णा वाशीमहून नवऱ्याच्या बिऱ्हाडी आली तेव्हा दोन खोल्यांत भांड्यांपेक्षा चिमटे जास्त होते.

सप्टेंबर उजाडला आणि शहरात प्लेग आला. १९९४ साली प्लेग म्हटल्यावर लोकांचा आधी विश्वास बसेना, आणि बसला तेव्हा अर्धी चाळ कुलपं लावून गावाला पळाली. विजयला मंगळवारी ताप भरला, बुधवारी खोकला सुरू झाला, आणि गुरुवारी संशयित म्हणून त्याला सरकारी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. अपर्णाला गाडीत बसू दिलं नाही. परक्या शहरात, भाषा धड येत नाही, शेजारी माणूस नाही, अशी ती एकटी उरली.

आत जायला बंदी होती. वस्तू आत जाई, बाहेर मात्र कागदाचा कपटाही येत नसे. फाटकावर छगनभाई नावाचा म्हातारा रखवालदार होता, त्याच्याकडे डबा आणि चिमटेचं पुस्तक द्यायचं. मग दुपारी चार वाजता विजय पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी येई, तोंडाला फडकं बांधलेला, आणि कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद काचेला लावून धरी. ती कुंपणाबाहेरून वाचायची. त्यावर तब्येतीचं अक्षर नसे, सगळी चिमटेबद्दलची मतं. ‘शेजारच्या खाटेवर मगनभाई. हिरे घासतात. गोष्ट गुजरातीत सांगतो त्यांना.’ दुसऱ्या दिवशी, ‘मगनभाईंचं मत: खुनी वकील.’ तिसऱ्या दिवशी, ‘नर्सबाई म्हणतात, चिमटेचं लग्न करा.’

प्लेगाच्या वॉर्डात पुस्तकांची चर्चा करणाऱ्या माणसाला काय म्हणावं! पण अपर्णा ते कागद वाचायला तीन वाजल्यापासूनच उभी राही. ज्या अर्थी चिमटे आहे, त्या अर्थी विजय आहे, एवढं तिला कळत होतं.

पाचव्या दिवशी घराजवळच्या पर्वत पाटियाहून एकही रिक्षा दवाखान्याचं नाव घेईना, म्हणून ती चालत निघाली. सकाळपासून तिला स्वतःलाच खोकला येत होता. कुणी पाहू नये म्हणून ती पदर तोंडावर दाबून तो गिळत होती. पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. खिडकीत विजय नव्हता. दुसराच कुणी काटकुळा माणूस फडकं बांधून उभा होता आणि त्याने काचेला कागद धरला होता.

‘पती गयो. हवे बीजो आपो.’

अपर्णाने ते तीनदा वाचलं. गयो म्हणजे गेला, एवढं गुजराती तिला येत होतं, आणि पती म्हणजे पती. तिला गुजराती अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून बिचाऱ्याने बालबोध लिपीत लिहिलं होतं. विधवेवर एवढी दया. बीजो आपो, म्हणजे दुसरा द्या. खाट रिकामी झाली, आता दुसरा पेशंट द्या. तिला खोकला आलाय हे यांना कसं कळलं? पळून जावं असं तिला वाटलं, आणि नवरा तिथे पडलेला असताना असं वाटलं म्हणून स्वतःची शिसारी आली. तिने कुंपणाचा गज धरला आणि जो खोकला सकाळपासून गिळला होता तो एकदम बाहेर पडला.

छगनभाई धावत आला. ती कागदाकडे नुसतं बोट दाखवत राहिली. त्याने डोळे बारीक करून वाचलं आणि तिच्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

“अरे बेन, पती गयो एटले पूरो थयो. पहेलो भाग पूरो थयो, बीजो भाग मांगे छे.”

म्हणजे संपला होता तो पुस्तकाचा पहिला भाग, आणि दुसरा भाग तिच्या पिशवीतच होता. तरी तिचा विश्वास बसेना. मग विजय का नाही आला? सलाईन लावलंय, उठू देत नाहीत, असं छगनभाईने वर विचारून सांगितलं. सांगणारे काय, काहीही सांगतील. भ्यालेल्या माणसाला खोटं सांगूनच गप्प करतात.

“त्यांना विचारा,” ती म्हणाली, “चिमटे चहा पिऊन काय म्हणतो?”

छगनभाईने तोंडाशी हात धरून ते ओरडून वर पोचवलं. तो काटकुळा माणूस, म्हणजे मगनभाईच, खिडकीतून नाहीसा झाला. तो परत येईपर्यंत अपर्णाने श्वास घेतला नसावा. मग काचेला नवा कागद लागला.

‘साखर ओछी.’

ती रडत रडत हसली. छगनभाईला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तिने पुस्तक त्याच्या हाती दिलं, आणि त्याने हट्टच धरला म्हणून बाहेरच्या तपासणीच्या टेबलावर जाऊन स्वतःचा खोकलाही दाखवला. तो साधाच निघाला.

पुढचे दोन दिवस खिडकी रिकामी होती. सलाईन चालू आहे, एवढंच छगनभाई सांगे. तिसऱ्या दिवशी खिडकीत विजय आला, वाळलेला, गजाला धरून. कागदावरचं अक्षर त्याचंच होतं, आणि या वेळी ते सरळ मराठीत होतं.

‘मगनभाई गेले. खुनी कोण, ते सांगायचं राहिलं.’

अपर्णाने आधी कागद धरलेला हात पाहिला. हात विजयचा होता, आणि तिला आनंद झाला, खराखुरा, पोटातून आलेला आनंद. मग तिने कागद पुन्हा वाचला.