स्पष्ट दिसत नाही

"आजवर माणूस राखण करीत होता, तवा कायसुदीक गेलं न्हाय. आन् आता डोळा टांगलाय वाशाला," हौसा घरापुढचं खळं झाडता झाडता स्वतःशीच पुटपुटत होती. स्वतःशीच, म्हणजे खिडकीत तांदूळ निवडत बसलेल्या कुसुमला नेमकं ऐकू जाईल इतकंच स्वतःशी.

कुसुमने सुपातून मान वर केली नाही. हौसाचा नवरा बाबल्या वर्षानुवर्षं काजूच्या दिवसांत त्यांच्या पडवीत झोपत आला होता. काजू पडायला लागला की त्याची वळकटी पडवीच्या कोपऱ्यात यायची आणि बियांची पोती व्यापाऱ्याकडे जाईपर्यंत तिथंच असायची. यंदा भरून ठेवलेली पोती कमी व्हायला लागली. एक गेलं. मध्ये काही दिवस गेले, मग आणखी एक. कुसुमचे यजमान गोपाळकृष्ण जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारलेले. त्यांनी बाबल्यावर आळ घेतला नाही. तसं तोंडावर बोलणाऱ्यातले ते नव्हेतच. ते एवढंच म्हणाले, "बाबल्या, तू आता घरी झोपत जा. वय झालं तुझं. थंडी बाधेल."

मे महिन्यात. घामाने पाठीला सदरा चिकटलेला असताना.

बाबल्याने वळकटी काखेत मारली आणि गेला. हौसाला काम सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून ती येत राहिली. आणि तोंड होतं, म्हणून बोलत राहिली. बाबल्या गेल्यावरही एक पोतं गेलंच. "त्याला आतली सगळी माहिती आहे ना," गोपाळकृष्ण म्हणाले. नाव घेतलं नाही, पण आता घरात 'त्याला' म्हटलं की कुणाला, हे विचारावं लागत नव्हतं.

मग त्यांनी कॅमेऱ्याची टूम काढली. रत्नागिरीत सोनारांच्या पेढ्यांवर तेव्हा नुकते कॅमेरे दिसायला लागले होते. इकडे पालीच्या बाजूला घरावर कॅमेरा म्हणजे लोक रस्त्यावरून वाकून बघत जायचे. लावायला रत्नागिरीहून अनिल आला. मोटरसायकलला खोकी बांधून आलेला, कामापेक्षा बोलण्यात तरबेज. "काकू, आता चोराचा नुसता फोटो नाही, पिक्चर काढू," म्हणाला, आणि कुणाचा हात पोचू नये म्हणून कॅमेरा पार वर, पागोळीखाली वाशाला ठोकून, वायर रेकॉर्डरच्या खोक्यातून ओटीवरच्या टीव्हीला जोडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहा घेऊन टीव्हीपुढे बसले. पडद्यावर एक पांढराफटक गोळा होता. खळ्यातल्या तुळशीवृंदावनाला कुसुमने पाडव्याला चुना काढला होता. कॅमेऱ्याच्या काचेभोवतीचे बारीक दिवे अंधारात जो उजेड टाकत, तो सगळा त्या चुन्यावर आपटून परत काचेत येत होता. त्यातून जे उरलं, ते दिव्याला आलेल्या पाकोळ्यांनी भरून काढलं होतं. पडवीचा बल्ब नेमका माणसाच्या पाठीमागे, त्यामुळे येणारा जाणारा नुसता काळा. संध्याकाळी अंधार पडल्यावर कुसुम मुद्दाम खळ्यातून चालून आली, तर पडद्यावर एक अंबाडा चालत आला. इतक्या वरून दुसरं काय दिसणार?

सगळ्यांत जास्त हसला यज्ञेश. त्यांचा एकुलता मुलगा, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला. "बाबा, ह्यात चोर सोडा, हत्ती आला तरी ओळखायचा नाही," म्हणाला. त्याची बायको सावनीही हसली. पुष्कळ दिवसांनी त्या घरात सगळे एकदम हसले, म्हणून कुसुमला त्या कॅमेऱ्याचं जरा कौतुकच वाटलं होतं.

पण गोपाळकृष्ण हार खाणारे नव्हते. यज्ञेश कंपनीच्या कामाला म्हणून कोल्हापूरला गेला, त्या दिवसांत त्यांनी अनिलला परत बोलावलं. कॅमेरा वाशावरून उतरला आणि पडवीच्या खांबावर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, टांगलेल्या कांद्याच्या माळांत दडला. बल्ब पाठीमागून काढून बाजूला, चाफ्याच्या अंगाला गेला, म्हणजे उजेड तोंडावर तिरका पडेल. "आणि काकू, त्या चुन्याचं काहीतरी करा," अनिल म्हणाला.

कुसुमने गेरू कालवला. वृंदावनाच्या चारी बाजू स्वतःच्या हाताने तिने लाल करून टाकल्या. तुळशीला म्हणाली, "बाई, तुझ्या लग्नापर्यंत परत पांढरं करीन हो. आत्ता चोर सापडू दे."

अंधार पडल्यावर सावनी चालून आली, तर तिच्या कपाळावरची टिकलीसुद्धा दिसली. गोपाळकृष्णांनी खुशीत दोन्ही हात चोळले. "हे आपल्या आपल्यात. बाहेर शब्द जाता कामा नये." बाहेर म्हणजे हौसाकडे, हे सगळ्यांना कळलं. यज्ञेश कोल्हापूरहून आला तो दमलेला, जेवला आणि झोपला. त्याला सांगायचं तसंच राहून गेलं.

पुढे काही दिवसांनी पोतं परत गेलं.

सकाळी यज्ञेश डबा घेऊन बाहेर पडला होता. तिघंच होती ओटीवर. गोपाळकृष्णांनी रिमोट दाबला. पडवीतून एक माणूस पायऱ्या उतरला. खांद्यावर पोतं, डोक्याला आणि तोंडाला पंचा गुंडाळलेला. कॅमेऱ्याकडे पाठ. सरळ तुळस डाव्या हाताला टाकून बेड्याकडे, म्हणजे फाटकाकडे, गेला असता तर नुसती पाठच दिसली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण तो वळला. खांद्यावर एवढं ओझं असताना जवळची वाट सोडून वृंदावनाला वळसा घालू लागला. तुळस उजव्या हाताला ठेवून. आणि त्या वळणावर त्याचं तोंड चाफ्याखालच्या उजेडात आलं.

त्या घरात तुळशीला डावी घालून कुणी जात नाही. यज्ञेश लहान असताना शाळेला उशीर झाला की दप्तर हापटत जवळच्या वाटेने पळायचा, आणि कुसुम त्याला दारातून हाक मारून परत फिरवायची. रडत रडत, नाक ओढत तो उजवी घालून जायचा. पुढे रडणं गेलं, वळसा राहिला. बाबल्या जन्मभर मागल्या दाराने आला आणि मागल्या दाराने गेला. त्याला ह्या वळशाशी काय करायचं होतं?

चहावर साय धरली.

"चेहरा स्पष्ट नाही," गोपाळकृष्ण म्हणाले.

"हो ना," सावनी म्हणाली. "पंचा आहे ना तोंडावर."

आता बोलायची पाळी कुसुमची होती. तिला वाटलं, आपण काहीच बोललो नाही तर ह्या दोघांना कळेल. "काचेवर जाळं धरलंय वाटतं कोळ्यानं," ती म्हणाली. "पुसायला हवं."

आणि तिने खरंच स्टूल घेतलं, पदराच्या टोकाने काच पुसली. तिथं जाळंबिळं काही नव्हतं.

तेव्हापासून त्या घरात एकच काम सुरू झालं, कॅमेरा सुधारायचं. चाफ्याखालचा बल्ब बदलून मोठा लावला. मग तो फार मोठा झाला म्हणून परत बदलला. लोडशेडिंगमुळे अंधुक येत असेल म्हणून इन्व्हर्टर तपासला. अनिलला परत बोलावलं, पण ते चित्र त्याला कुणी दाखवलं नाही. गोपाळकृष्णांनी तिन्हीसांजेला स्वतः तोंडाला पंचा गुंडाळला, पोतं खांद्यावर घेतलं आणि खळ्यात चालून दाखवलं. अनिल टीव्हीपुढे पोट धरून हसला. "काका, अहो कानातले केस दिसतायत तुमच्या! ह्याच्यापेक्षा स्पष्ट तर तुम्ही प्रत्यक्ष दिसत नाही."

"तरी नीट नाही," गोपाळकृष्ण पंचा सोडत म्हणाले. कुसुमने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी चाफ्याकडे. तेव्हा तिला कळलं, की ह्यांनाही पहिल्या सकाळीच कळलंय. आपण ह्यांना जपतोय आणि हे आपल्याला. आणि दोघं मिळून ज्याला जपतोय, ते पोर वर माडीवर निवांत टेप लावून बसलंय.

सावनीचंही काही वेगळं नव्हतं. एकदा भांडी लावताना ती मान खाली घालून म्हणाली, "आई, ह्यांचा डबा घरी परत येतो तेव्हा डब्याला उघड्यावरच्या धुळीचा वास असतो. डबा कुठं उघडतात कोण जाणे. कंपनीत नाही." कुसुमने विचारलं नाही, की मग कंपनीतली नोकरी आहे की नाही. सावनीनेही पुढे सांगितलं नाही. दोघींनी मिळून ताटं मात्र अशी पुसली, की त्यांत तोंड दिसावं.

कुसुमचं आत जळत होतं. बोललं तर पोर हातचं जातं. नाही बोललं तर बाबल्या जातो. बाबल्या जातो म्हणजे काय, तेही तिला समोर दिसत होतं. दुकानात त्याला बाकड्यावर कुणी सरकून जागा देईना. दुसऱ्या एका बागेची राखण त्याच्याकडे होती, तिथल्या मालकांनीही त्याला 'वय झालं तुझं' म्हणून सांगितलं. एकाच शब्दांत. गावात शब्दसुद्धा उसने मिळतात.

रविवारी सकाळी बाबल्या आला. धुतलेला सदरा घालून, आणि पहिल्यांदाच पुढच्या बाजूने. हौसा त्याच्या मागे. खळ्याच्या कडेला वहाणा काढून तो ओटीच्या पायरीखाली उभा राहिला. गोपाळकृष्ण झोपाळ्यावर होते, कुसुम दारात, सावनी तिच्या पाठीशी.

"भाऊ, तुमच्या टीवीत चोर आलाय म्हनतात."

"कुणी सांगितलं?"

"वाडीत सगली बोलतायत. अनिलान सांगलान आसंल. माज्या नातीचं लगीन जमतंय भाऊ. पावनी इचारतायत, आजा चोर हाय काय. ता चित्र मना दाखवा. सगल्यांना दाखवा."

"अरे, ते स्पष्ट नाही आलेलं," गोपाळकृष्ण म्हणाले. "माणूस ओळखू येत नाही. उगीच कशाला..."

"आसं ना का. मी हाय का न्हाय येवढं तरी दिसंल."

यज्ञेश जिन्यावरून खाली आला. टॉवेलने तोंड पुसत, नुकता दाढी केलेला, गोरापान. कसा छान दिसतोय, कुसुमला वाटलं. "कुठलं चित्र?" तो म्हणाला. मग खांबाकडे त्याची नजर गेली, कांद्याच्या माळांत. क्षणभर टॉवेल तोंडावरच राहिला. "दाखवा की, बाबा. बघू तरी."

गोपाळकृष्ण झोपाळ्यावरून उठले नाहीत. शेवटी सावनी पुढे झाली आणि तिने बटण दाबलं. माणूस पायऱ्या उतरला, वळला, वृंदावनाला वळसा घालताना उजेडात आला आणि गेला.

बाबल्याने ज्याला लहानपणी खांद्यावर बसवून काजूची बोंडं तोडू दिली होती, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली पायाच्या अंगठ्यावर नेली.

"मी न्हाय ता," तो हळू म्हणाला. "येवढं सांगा वाडीत, भाऊ. कोन हाय ता मना नको."

"नाही कसा?" यज्ञेश म्हणाला. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. त्याचा आवाज इतका स्वच्छ होता, की कुसुमला आधी वाटलं, आपलंच काही चुकलं असेल. "बाबा, अंगलट बघा. चालणं बघा. वाकून चालतो तो. बाबल्याच आहे. ह्याची सीडी काढून घेऊ आणि पोलिसांत देऊ. इतकी वर्षं घरच्यासारखा ठेवला, आणि हा..."

"यज्ञेश, चेहरा स्पष्ट नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. विनवल्यासारखं.

"मला स्पष्ट दिसतोय! आई, तू सांग. तुझी नजर चांगली आहे. बाबल्याच ना?"

हौसाच्या तोंडाला कधी नव्हे तो पदर लागला होता. बाबल्या आता कुसुमकडे बघत होता. रागाने नाही. ती संकटात आहे हे कळल्यासारखं, आणि तेच तिला सोसेना. 'असेल' एवढा एक शब्द पुरला असता. मुलगा घरात राहिला असता, सून राहिली असती, झोपाळा हलत राहिला असता. तिने दाराची चौकट धरली. सावनीचा हात पाठीमागून तिच्या दंडाला लागला, तो धरण्यासाठी होता की ढकलण्यासाठी, ते तिला कळलं नाही.

"बाबल्या नव्हे तो," कुसुम म्हणाली. "यज्ञेश, तो तू आहेस. पहिल्या दिवसापासून आम्हा तिघांनाही माहीत आहे."