साहेबाच्या कोटाचं अस्तर

तिकीट फाडून आत गेलं की पहिलं काय लागतं, तर कपांचं दुकान. कपांवर काटेरी तार छापलेली, टोप्यांवर पहाऱ्याचा मनोरा. कात्रीनं एक कप उचलला, उलटा करून पाहिला आणि आपटून जागेवर ठेवला. जिथे माणसं उपाशी मेली तिथे आता बिस्किटांसकट कॉफी मिळते, वा रे स्मारक, हे तिनं इतक्या मोठ्यानं सुनावलं की विकणाऱ्या पोरीनं मान खाली घातली.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. पन्नास वर्षं शिवणकाम केलं आणि जिभेला हाड नाही, म्हणून गल्लीनं ठेवलेलं. बरोबर धाकटा भाऊ होता, पोस्टातून निवृत्त झालेला गरीब स्वभावाचा माणूस. त्याच्या हातातल्या पिशवीत एक अर्ज होता आणि त्या अर्जावर ताईची सही हवी होती. दोन महिने तो त्या सहीसाठी तिच्या मागे लागला होता.

प्रकरण असं, की त्यांचे वडील या युद्धकैद्यांच्या छावणीत तीन हिवाळे होते. शिंपी म्हणून त्यांना शत्रूच्या अधिकाऱ्यांचे कोट शिवायच्या कामाला बसवलं होतं. आता संग्रहालयाचं नवं दालन होणार, त्यात दगडी पाटी बसणार, मथळा ‘शत्रूचे हस्तक’. खाली सहा फोटो, त्यातला तिसरा त्यांच्या बाबांचा. कुणाच्या घरच्यांना हरकत असेल तर थोरल्या अपत्याच्या सहीचा अर्ज आज पाचपर्यंत द्यायचा, नाहीतर नाव दगडात कोरलं जाणार.

कात्री आली होती, पण सही करायला नव्हे. डोळ्यांनी एकदा बघू, म्हणून. होताच तो हस्तक, मग दगडात कोरा नाहीतर लोखंडात ओता, असं तिनं भावाला बसमध्येच ऐकवलं होतं.

तो फोटो तिला पाठ होता. ती नऊ वर्षांची असताना पेपरात आला होता. उंचापुरा साहेब नव्या कोटात उभा, मागे गळ्यात टेप अडकवलेले बाबा, साहेबाच्या पाठीवर तळहात सपाट टेकलेला, आणि चक्क हसतायत. दुसऱ्या दिवसापासून शाळेतली पोरं ती दिसली की एकमेकांच्या पाठी चोळायची. घरी येऊन विचारलं तर बाबा म्हणाले, फोटो खराच आहे, आणि मशीन चालवायला लागले. बास. त्यानंतर तिनं त्यांना कधी काही विचारलं नाही. लग्नाच्या दिवशी त्यांनीच शिवलेला पोशाख तिनं घातला, तेव्हा पाठीवरची सुरकुती काढायला त्यांनी हात पुढे केला. तो हात तिनं चारचौघांत झटकून टाकला होता, आणि त्याचं तिला आजवर काही वाटलं नव्हतं.

संचालकबाई लगबगीनं आल्या. तिशीच्या असतील, आवाजात मध. आल्या आल्या ‘आजी’ म्हणाल्या. कात्रीनं सांगून टाकलं, की मला दोन नातवंडं आहेत, तिसरं नको. बाई तरीही हसत राहिल्या आणि दोघांना आत घेऊन गेल्या.

पहिल्या खोलीत काचेमागे एक बंडी होती, आत जाड कापूस भरलेली. भिंतीतून व्हायोलिन रडत होतं. पाटीवर लिहिलं होतं की कुणा अनाम आईनं लेकासाठी ही ऊब धाडली असावी. इथे लोक हमखास रडतात, असं बाईंनी कौतुकानं सांगितलं. कात्री काचेला नाक लावून उभी राहिली. आई म्हणे! घरात तुरपाई करणारी बाई असे इवलेसे, एका मापाचे टाके घालते होय? आणि टाके सगळे उलट्या अंगाला कललेले. डावखुऱ्याचं काम. बाबाही डावखुरे होते. ती पुढे गेली.

दुसऱ्या खोलीत फोटोतला तोच कोट होता. साहेबाच्या नातवानं भेट दिलेला. बाईंनी आज मुद्दाम काचपेटी उघडून ठेवली होती, कारण शिंप्याची मुलगी कोटाजवळ उभी आहे असा एक फोटो त्यांना हवा होता. फोटोवाला तयार होता. कात्रीला पांढरे हातमोजे चढवले आणि जरा भावुक दिसायला सांगितलं. शेजारच्या पाटीवर म्हटलं होतं, की हा आत कापूस भरलेला हिवाळी कोट आहे, आणि अस्तराचे खालचे टाके सैल आहेत, यावरून तो घाईत शिवलेला दिसतो.

घाईत? बाबांनी जन्मात एक काज घाईत केलं नव्हतं. गिऱ्हाइकं ओरडायची, पण माणूस ढिम्म. कात्रीनं कोट फिरवून पाठ पाहिली. पाठीत आडवी, सरळ, पट्टीनं आखल्यासारखी घडी पडली होती. कापूस दबतो, गोळा होतो, पण त्याला कधी घडी पडत नाही. मग तिनं खालची कड वर केली. वीतभर जागेत अस्तर पक्कं शिवलेलंच नव्हतं, नुसता कच्चा टाका होता. कपडा पुन्हा उघडायचा असला की शिंपी घालतो तसा, एका ओढीत निघणारा.

हात लावू नका, असं बाई म्हणेपर्यंत तिनं मोजे काढून फेकले होते. नखानं गाठ धरली आणि ओढली. दोरा सरसर निघाला, अस्तर उघडलं, आणि आतून घड्या घातलेले पिवळे कागद बाईंच्या पायांवर पडले. कापसाचा आत धागासुद्धा नव्हता.

भावानं वाकून एक कागद उचलला. छापील होता. छावणीतल्या कैद्यांनी शिस्त कशी पाळावी, त्याचे बावीस नियम. साहेब सगळा हिवाळा आपलेच नियम पाठीत भरून कुडकुडत हिंडला होता.

“याच्यातला कापूस तुमच्या त्या अनाम आईच्या बंडीत आहे,” कात्री म्हणाली. “टाके जुळवून बघा. तेवढं तरी येतं का तुम्हाला?”

बाई पांढऱ्या पडल्या. वस्तूला इजा झाली, समितीपुढे ठेवावं लागेल, तज्ज्ञ बोलवावे लागतील, असं काहीबाही पुटपुटू लागल्या. कात्रीनं त्यांना खुशाल बोलवा म्हणून सांगितलं. तीस वर्षं कोट तुमच्याकडे टांगलाय आणि एकाही तज्ज्ञानं कड उलटून पाहिली नाही, आता कुणाला बोलावणार?

भावाचे डोळे भरून आले होते. बाबा एका शब्दानं बोलले का नाहीत, हेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. छावणीत बोलायची सोयच नव्हती, बंडी घालणाऱ्यालाही कापूस कुठला ते कळता कामा नये, मार पडला की माणूस बोलतोच, एवढं तिनं त्याला समजावलं. पण घरी परत आल्यावर? त्याचं उत्तर तिला माहीत होतं. आल्या आल्या त्यांना सगळ्यांनी उत्तरंच सांगितली होती, विचारलं कुणी नव्हतं. तिनं विचारलं तेही वकिलासारखं.

भावानं अर्ज काढून पुढे धरला. पाटीचा नमुना समोरच भिंतीला टेकवून ठेवला होता. सही करता करता कात्रीची नजर तिसऱ्या फोटोवर गेली आणि पेन थांबलं. साहेबाची पाठ. सपाट टेकलेला तळहात. ते हसू.

“थोपटत नव्हते रे ते,” ती म्हणाली. “कागद वाजतोय का, ते बघत होते.”

आणि वाजत नव्हता, म्हणून हसत होते. तिनं सही केली. वेडीवाकडी आली. पन्नास वर्षं लोकांच्या शिवणी तपासल्या, दुसऱ्यांच्या टाक्यांना नावं ठेवली, कात्री म्हणून मिरवली, आणि घरातला एक हात तिला ओळखता आला नव्हता. शरम वाटली तिला, सरळ शरम.

भावानं घड्याळ पाहिलं. साडेचार झाले होते. अर्ज द्यायची खिडकी कुठे, असं त्यानं विचारलं, तर ती कपांच्या दुकानातच होती. बाहेर पडताना ताईच्या अंगातल्या कोटाची पाठ चुरगळलेली त्याला दिसली आणि त्यानं सहज हात लावून ती नीट केली. ती हलली नाही.

“राहू दे हात,” ती म्हणाली. “अजून थोडा वेळ राहू दे.”