सखूबागच्या थांब्यावरची घंटा

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. हातभर लांब, अंगाने काळाकुट्ट आणि मधोमध ठोके खाऊन खाऊन चकचकीत झालेला. इंदूरहून महूकडे जाताना सखूबाग नावाचा एक छोटासा थांबा लागतो. तिथे मी जाड तारेने टांगलेला असतो. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की थांबा सांभाळणाऱ्या पंढरीनाथांना फोन येतो. ते तिकीट खिडकीमागून उठतात, हातोडी घेतात आणि माझ्यावर ठोके घालतात. माझा आवाज गल्ल्या ओलांडून थेट चौकापर्यंत जातो. आवाजाच्या बाबतीत मी जरा गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी जन्मलो दूरच्या एका पोलाद कारखान्यात. लालबुंद तापवून मला लाटले, थंड केले आणि इथल्या मीटर गेजच्या अरुंद मार्गावर आणून अंथरले. गिरण्यांचे कामगार, शाळामास्तर, लग्नांची वऱ्हाडे, सगळे माझ्या पाठीवरून गेले. पुढे रुंद रुळांचा जमाना आला आणि माझे भाऊबंद ट्रकमध्ये भरून कुठेतरी निघून गेले. मला मात्र पंढरीनाथांच्या वडिलांनी कापून ठेवून घेतले आणि थांब्याची घंटा केले. इतकी वर्षे पायाखाली राहून मी एकदम लोकांच्या डोक्यावर चढलो, आणि खरे सांगतो, मला ते फार आवडले.

मग इंदूर वाढू लागले. सखूबागेभोवती पूर्वी पेरूच्या वाड्या होत्या, तिथे कॉलन्या झाल्या. माणसे वाढली, म्हणून जास्त गाड्या हव्यात; जास्त गाड्यांसाठी दुसरी लाइन हवी; दुसऱ्या लाइनसाठी पहिली बंद ठेवायला हवी. असे करता करता आमच्या मार्गावर बराच काळ एकही गाडी धावली नाही. सगळीकडे खोदकाम आणि धूळ होती. लोकांनी वाट पाहिली, मग कंटाळून स्कूटर घेतल्या. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा सखूबागचा थांबा तात्पुरता ठरला होता. नव्या लांब गाड्यांसाठी इथला फलाट वाढवायचा की थांबाच काढून टाकायचा, हे प्रवासी मोजून ठरणार होते.

याची सर्वांत जास्त काळजी होती सुमेधाला. ती महूच्या एका शाळेत शिकवते. रोज सकाळी माझ्याखालच्या बाकावर बसून मुलांच्या वह्या तपासते आणि ठोके पडले की लाल पेन केसांत खोचून उभी राहते. घरी तिचे वडील दौलतराव आणि ती, असे दोघेच. बसने जायचे तर खोदलेल्या रस्त्यांमुळे ती पोचेपर्यंत शाळा भरून जाई. थांबा गेला, तर तिला महूला खोली घेऊन राहावे लागणार होते आणि दौलतराव इथे एकटे पडणार होते.

आता हे दौलतराव म्हणजे एक अजब माणूस. त्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. घोडे गेले, रुबाब राहिला. सखूबागची गेर तेच काढतात. गेर म्हणजे रंगपंचमीला घराघरांतून माणसे गोळा करत राजवाड्याकडे निघणारी आमची मिरवणूक. त्या दिवशी इंदुरात जो रंगला नाही, तो आजारी आहे असे समजतात.

आणि नेमक्या रंगपंचमीलाच प्रवासी मोजणारे साहेब आले. नीरज त्यांचे नाव. बिलासपूरहून नुकतेच बदलून आलेले, त्यामुळे त्यांना बिचाऱ्यांना गेर ठाऊकच नव्हती. फलाटावर कावळासुद्धा नव्हता. तेवढ्यात दौलतराव गुलालाची पिशवी घेऊन आले. पाहुणा दिसला, म्हणून त्यांनी प्रेमाने साहेबांचे दोन्ही गाल लाल केले. साहेबांनी हसून विचारले, इथून रोज किती लोक गाडीने जातात?

"गाडीने?" दौलतराव छाती काढून अस्सल इंदुरी बोलीत म्हणाले. "आमच्याकडे घोडे होते, भिया. सखूबागवाल्यांना गाडीची काय जरूरत? चला, राजवाड्यावर चला."

नीरजसाहेब राजवाड्यावर गेले नाहीत. रिकामा फलाट पुन्हा एकदा पाहून ते परत गेले. मी वर टांगलेला होतो, सगळे ऐकत होतो आणि मला बोलता येत नव्हते. त्या दिवसाइतका राग मला कधी आला नाही.

दोन-चार दिवसांनी थांबा बंद होणार अशी बातमी पंढरीनाथांनीच आणली. सुमेधाने वडिलांना माझ्याखालच्या बाकावर बसवले. ती ओरडली नाही.

"बाबा, ते साहेब पॅसेंजर मोजायला आले होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्यांना सांगितलं, इथे गाडीची जरूरतच नाही."

"मी तर मजाक करत होतो ग," दौलतराव म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले की लेक महूला गेली तर संध्याकाळी दार उघडायचे कोणासाठी. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी ते नीरजसाहेबांना भेटायला गेले. परत येऊन त्यांनी पंढरीनाथांना सगळे सांगितले. साहेब भले माणूस निघाले. एका सणाच्या दिवसावरून ते काही ठरवणार नव्हते. पुन्हा येऊन मोजायचे त्यांनी कबूल केले. कधी येणार ते मात्र सांगणार नव्हते. पण त्यांनी विचारलेला एक प्रश्न दौलतरावांच्या मनात रुतून बसला होता. साध्या दिवशी तरी फलाटावर माणसे असतात का?

नव्हती, मित्रांनो. सुमेधा, दोन-तीन कॉलेजची मुले आणि भाजीच्या टोपल्या. बाकी सगळी सखूबाग चौकात द्वारकाबाईंच्या ठेल्याजवळ उभे राहून पोहे खात असे, आमचा थांबा कोणी काढूनच दाखवावा अशी भाषा करत असे आणि मग स्कूटरला किक मारून निघून जात असे. खुद्द दौलतरावांनी कित्येक वर्षांत तिकीट काढले नव्हते.

त्यांनी गेर काढायचे ठरवले. रंगाची नव्हे, गाडीची. कोणत्या घरी कोणाला हाक मारली की माणूस बाहेर येतो, हे त्यांना पाठ होते. आता तेच कसब त्यांनी रोज सकाळी वापरले. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः तिकीट काढले आणि महूपर्यंत जाऊन आले. लोक हसले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोघे सोबत आले, मग आणखी काही. पण घोडे अडले ते पोह्यांवर. इंदूरचा माणूस पोहे-जलेबी टाकून गाडी पकडणार नाही, हे तुम्हालाही पटेल. तेव्हा दौलतरावांनी द्वारकाबाईंना गळ घातली. त्या फटकळ.

"ठेला मी हलवीन," त्या म्हणाल्या, "पण घंटा जोरात वाजली पाहिजे. लोक खात उभे राहतात अन् गाडी सुटून जाते, मग गाली मला पडते."

ठेला थांब्याच्या दाराशी आला. पंढरीनाथांनी बाह्या सरसावल्या. मित्रांनो, माझे खरे दिवस तेव्हा सुरू झाले. मी असा काही वाजू लागलो की चौकातली कबुतरे उडत. पहिल्या ठोक्याला जलेबी संपे, दुसऱ्याला कागद टोपलीत पडे, तिसऱ्याला सगळे फलाटावर असत. जे आधी दौलतरावांच्या धाकाने आले, त्यांना पुढे गाडीच बरी वाटू लागली. धूळ नाही, खड्डे नाहीत आणि गप्पा मारता येतात. दौलतरावांना हाका मारायची गरज उरली नाही, तरी ते मारत राहिले.

अशाच एका सकाळी पोहे खाणाऱ्यांत एक ओळखीचा चेहरा दिसला. नीरजसाहेब साध्या कपड्यांत आले होते. त्यांनी मोजायला सुरुवात केली, तोच मी वाजलो. माणसे हलली, बायका पोरांना घेऊन पुढे सरकल्या, साहेब पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. गाडी आली, थांबली, निघून गेली. फलाटावर साहेब एकटेच उभे होते. फलाट आजही रिकामा होता, पण आज सगळे गाडीत होते. साहेब मोठ्याने हसले आणि त्यांनी द्वारकाबाईंकडे आणखी एक प्लेट मागितली.

थांबा राहिला. फलाट वाढवायचे काम सुरू झाले. पण वाढणाऱ्या फलाटाच्या वाटेत माझाच खांब येत होता. मजुरांनी मला काढले आणि भंगाराच्या ढिगावर टाकले. दिवसभर मी तिथे पडून होतो. ज्याच्यासाठी एवढा घसा फोडला, त्या फलाटानेच मला घालवले, असे वाटून मला रडू आले. संध्याकाळी ट्रक आला आणि त्याच वेळी महूची गाडीही आली. सुमेधा उतरली. मला पाहताच ती सरळ ढिगावर चढली. कामावरच्या माणसाला तिने शांतपणे सांगितले, "भैयाजी, हे भंगार नाही. ही आमची घंटा आहे." मी जड आहे, तिला उचलवेना. मग गाडीतून उतरलेले सगळे धावले आणि मी मिरवत मिरवत परत आलो.

आज मी नव्या, लांबलचक फलाटावर नव्या खांबाला टांगलेला आहे. परवाच रंगपंचमी झाली. पंढरीनाथांनी ठोके दिले, लांब गाडी आली आणि डबे उघडले. राऊची माणसे, महूची माणसे, सुमेधाच्या शाळेची मुले, सगळी सखूबागच्या गेरीसाठी उतरली. जो फलाट गेल्या रंगपंचमीला ओस होता, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या डब्यातून नीरजसाहेब उतरले. अंगात पांढरा शुभ्र सदरा होता आणि आज ते काहीही मोजायला आले नव्हते. ते दौलतरावांसमोर गेले आणि त्यांनी दोन्ही गाल पुढे केले. दौलतरावांनी गुलाल लावला, तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

तर मित्रांनो, तुमच्याही घराजवळ असा एखादा छोटा थांबा असेल. त्याच्या भिंतीवर रेघोट्या मारू नका, बाकावर कचरा टाकू नका, हे तर तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच मागतो, त्याचा नुसता अभिमान बाळगू नका. तिकीट काढा आणि गाडीत बसा. माझ्यासारखा कोणी तिथे टांगलेला असेल, तर येता-जाता त्याला एक टिचकी मारा. तो वाजून दाखवील.